घटस्फोटात दोष कुणाचा, हे कोर्टाने का ठरवावं?

डिसेंबर 2024 मध्ये बंगळुरूतल्या एका तरुण अभियंत्याने पत्नीशी खटले चालू असताना जीव दिला आणि घटस्फोटाच्या कायद्यांवरचा वाद पुन्हा पेटला. एका बाजूने ‘सगळे कायदे बायकांच्या बाजूचे, पुरुषाला वालीच नाही’ असा सूर लागला. दुसऱ्या बाजूने हुंड्यापायी मारल्या गेलेल्या मुलींची आठवण करून दिली गेली. तेव्हापासून एखाद्या न्यायमूर्तींनी पोटगीबद्दल तोंडी शेरा मारला, की दोन्ही गट तीच वाक्यं घेऊन समोरासमोर येतात. दोघांचंही दुःख खरं आहे. पण दोघं भांडतात ते एकाच प्रश्नावर: गुन्हेगार कोण, नवरे की बायका? आपला विवाहकायदाही गेली सत्तर वर्षं प्रत्येक विस्कटलेल्या जोडप्याला हेच विचारत आला आहे, आणि माझ्या मते दुखणं नेमकं तिथे आहे. संसार मोडला आहे का, आणि मोडला असेल तर पैसा, घर आणि मुलं यांची न्याय्य सोय कशी लावायची, हे कोर्टाने पाहावं. तो कुणामुळे मोडला याचा निकाल लागेपर्यंत दोन माणसांना एकमेकांना बांधून ठेवण्यात ना न्याय आहे, ना संस्कृती.

हिंदू विवाह कायदा 1955 चा. त्यात एकाला घटस्फोट हवा आणि दुसऱ्याला नको असेल, तर मागणाऱ्याने समोरच्याचा दोष सिद्ध करायचा: व्यभिचार, क्रूरता, सोडून जाणं, धर्मांतर वगैरे. क्रूरता आणि परित्याग या कारणांवर सरळ घटस्फोट मिळू लागला तो 1976 च्या दुरुस्तीनंतर. त्याआधी त्यांवर फक्त न्यायिक विभक्तता, म्हणजे लग्न कायम ठेवून वेगळं राहण्याची मुभा, मिळे. परस्परसंमतीचं कलम 13-ब सुद्धा त्याच वर्षी आलं. म्हणजे आज बाहेर पडायला मुख्यतः दोन दारं आहेत. एकतर दोघांनी मिळून सही करायची, नाहीतर एकाने दुसऱ्याला आरोपी करायचं. ‘आम्ही आठ वर्षं वेगळे राहतो, आमच्यात आता काही उरलेलं नाही’ हे साधं सत्य सांगून घटस्फोट मागायची सोय या कायद्यात नाही.

याचा परिणाम अर्जाच्या पहिल्या पानापासून दिसतो. मसुदा लिहायला बसल्यावर वकिलाला विचारावंच लागतं, त्रास काय होता ते सांगा. मग आठवून आठवून काढलं जातं. स्वयंपाक येत नव्हता, सासूला उलटून बोलली, पाहुण्यांसमोर अपमान केला, न सांगता माहेरी गेली. तिच्या कैफियतीत तसंच उत्तर येतं: आईच्या ऐकण्यातला होता, पगार हातात देत नव्हता, हात उचलायचा. यातलं काही खरं असतं, काही वाढवलेलं, आणि काही प्रत्येक घरात घडतं तेवढंच. पण एकदा ते कागदावर आलं की मागे घेता येत नाही. पुढे उलटतपासणीत दहा वर्षांपूर्वीच्या एखाद्या दिवाळीत कोण कुणाला काय म्हणालं यावर तासभर जातो, आणि बाकावर दोन्हीकडचे आईवडील ते ऐकत बसलेले असतात. दरम्यान पोटगीचा अर्ज एका कोर्टात, घरगुती हिंसाचाराची तक्रार दुसऱ्यात, विवाहितेच्या छळाचा गुन्हा, म्हणजे जुन्या दंडसंहितेचं 498-अ (जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 85), तिसऱ्यात, मुलाच्या ताब्याचा अर्ज आणखी कुठे. जे नातं निदान शांतपणे संपू शकलं असतं, त्याचं कायदा वैर करून टाकतो.

क्रूरतेच्या व्याख्येसाठी आजही ज्या निकालाचा आधार घेतला जातो, तो 1975 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल एका महाराष्ट्रीय दांपत्याचा आहे. लग्न 1956 मध्ये पुण्यात झालं. 1961 मध्ये दोघं वेगळी झाली, 1962 मध्ये नवऱ्याने अर्ज केला. तेरा वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की पत्नीची वागणूक क्रूर होती हे सिद्ध झालं आहे. पण त्यानंतरही नवऱ्याने तिच्याशी पतिपत्नीचे संबंध ठेवले, म्हणजे त्याने ती क्रूरता माफ केली. अपील फेटाळलं गेलं. कायद्याच्या चौकटीत हा निकाल अत्यंत अभ्यासपूर्ण आहे, आणि नेमकी म्हणूनच ती चौकट त्यात उघडी पडते. चौदा वर्षं वेगळ्या राहणाऱ्या दोन माणसांच्या खाजगी आयुष्याचा इतका बारीक तपास देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने केला आणि शेवटी त्यांना सांगितलं, की तुमचं लग्न चालू आहे. यातून नवऱ्याला, बायकोला किंवा त्यांच्या लेकरांना काय मिळालं?

हे सारं आपल्या परंपरेतून आलं असं मानणाऱ्यांनी रखमाबाईंचा खटला वाचावा. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाई सासरी गेल्या नाहीत, म्हणून 1884 मध्ये नवऱ्याने मुंबई उच्च न्यायालयात त्यांना नांदायला पाठवण्याचा दावा लावला. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. असा दावा हिंदू धर्मशास्त्रात नाही, तो इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आला आहे, आणि नावडत्या पुरुषाकडे एका तरुणीला बळजबरीने पाठवणं रानटीपणाचं आहे, असं त्यांनी बजावलं. अपिलात हा निर्णय फिरला. मार्च 1887 मध्ये हुकूम झाला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करीन असं सांगितलं. अखेर 1888 मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. धर्म बुडाला म्हणून त्या वेळी ओरड करणाऱ्यांत ‘केसरी’ही होता. आणि ते रक्षण करत होते कशाचं? एका परक्या धर्मपीठाच्या नियमाचं, ज्यासाठी कैद करण्याची शिक्षा खुद्द इंग्लंडने 1884 मध्येच रद्द केली होती.

इंग्लंडने 1970 मध्ये तो दावाच कायद्यातून काढून टाकला. आपण 1955 मध्ये तो कलम 9 म्हणून आपल्या हाताने लिहून घेतला आणि अजून ठेवला आहे. 1983 मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवलं होतं. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. लग्न मोडू नये म्हणून त्याचा सामाजिक उपयोग आहे, हे कारण दिलं. व्यवहारात त्याचा उपयोग काय होतो, हे कुठल्याही तालुक्याच्या वकिलाला ठाऊक आहे. बायकोने पोटगी मागितली की नवरा ‘मी नांदवायला तयार आहे’ म्हणून कलम 9 ची केस टाकतो, म्हणजे तीच घर सोडून बसली आहे असं दाखवता येतं. आणि हुकूमनाम्यानंतर वर्षभर दोघं एकत्र आली नाहीत, तर तेच घटस्फोटाचं कारण होतं. एकत्र आणण्यासाठी लिहिलेलं कलम तोडण्याची पायरी म्हणून वापरलं जातं, आणि हे न्यायाधीशांसकट सगळ्यांना माहीत असतं.

न्यायालयांना ही कोंडी कळत नाही असं मी म्हणणार नाही. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला सरळ सांगितलं, की लग्न कायमचं मोडणं हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात आणण्याचा गंभीरपणे विचार करा. विधी आयोगाने हेच 1978 मध्ये 71 व्या अहवालात आणि 2009 मध्ये 217 व्या अहवालात म्हटलं. संसद हलली नाही, म्हणून न्यायाधीशांनी असलेल्या शब्दांतच जागा करून घेतली. 2017 मध्ये परस्परसंमतीतली सहा महिन्यांची वाट सक्तीची नाही असं ठरलं. एप्रिल 2023 मध्ये पंचवीस वर्षं वेगळं राहिलेल्या एका जोडप्याबाबत, इतका मोडलेला संसार लांबवणं हीच क्रूरता, असा अर्थ लावला गेला. त्याच वर्षी 1 मे रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने स्पष्ट केलं, की लग्न सावरण्यापलीकडे गेलं असेल तर घटनेच्या अनुच्छेद 142 खालच्या, पूर्ण न्याय देण्याच्या आपल्या खास अधिकारात सर्वोच्च न्यायालय ते संपवू शकतं, एकाची हरकत असली तरी. सहा वर्षांहून अधिक काळ वेगळं राहणं हा त्यात महत्त्वाचा मुद्दा धरावा, असंही म्हटलं.

हे स्वागतार्ह आहे, पण यात एक मोठा अन्याय आहे. हा अधिकार फक्त दिल्लीतल्या एका न्यायालयाला आहे. लातूरच्या किंवा गडचिरोलीच्या न्यायाधीशासमोर तसंच मोडलेलं लग्न उभं असलं, तरी त्याला दोष शोधल्यावाचून गत्यंतर नाही. खालचं कोर्ट, मग उच्च न्यायालय, मग सर्वोच्च न्यायालय, असा पंधरा-वीस वर्षांचा प्रवास ज्याला झेपतो त्याला सुटका. बाकीच्यांनी कुढत राहायचं. मोडलेलं लग्न ओळखायला घटनापीठाची प्रज्ञा लागते का? ज्या न्यायाधीशासमोर ती दोन माणसं महिन्या-महिन्याला येऊन उभी राहतात, त्याला ते आधी कळतं.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप, आणि तो पुरुषांच्या संघटनांचा नाही. अनेक स्त्री कार्यकर्त्या अनेक वर्षं सांगत आल्या आहेत, की या देशात बाईच्या नावावर घर नाही, शेत नाही, बँकेत शिल्लक नाही. दोषाशिवाय घटस्फोट दिलात तर नवरे बायकांना वाऱ्यावर सोडून मोकळे होतील. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच भावनेतून 89 वर्षांच्या एका निवृत्त अधिकाऱ्याचा अर्ज नाकारला. तो अर्ज त्यांनी 1996 मध्ये केला होता. त्यांची 82 वर्षांची पत्नी म्हणत होती, मला घटस्फोटित म्हणून मरायचं नाही. तिच्या त्या वाक्यापुढे कुणाचाही युक्तिवाद थांबेल, माझाही थांबतो. आयुष्यभर एका नात्याच्या आधाराने समाजात उभ्या राहिलेल्या बाईला तो आधार शेवटच्या टप्प्यावर काढून घेतल्यासारखं वाटणं स्वाभाविक आहे.

पण हा आक्षेप नीट पाहिला तर तो घटस्फोटाच्या विरोधात नाही, तो कंगाल होण्याच्या विरोधात आहे. आणि कागदावरचं लग्न बाईला कंगाल होण्यापासून वाचवतं का? 1988 मध्ये संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली, ती घटस्फोटित बायकांची नव्हती. नवऱ्यांनी टाकलेल्या, कायद्याने अजून विवाहित असलेल्या बायकांची होती. 2011 च्या जनगणनेत देशात घटस्फोटित सुमारे साडेतेरा लाख होते, आणि घटस्फोट न होता वेगळे राहणारे त्याच्या अडीच पटीच्या आसपास. या दोन्हींत बायकांची संख्या पुरुषांहून मोठी. कडक कायद्याने त्यांना घरात ठेवलं नाही, पोटगीही मिळवून दिली नाही. फक्त पुन्हा लग्न करायचा मार्ग तेवढा बंद केला. नवरा मात्र दुसरीबरोबर राहून मोकळा.

त्यांना खरी गरज असते ती पोटगीची, आणि तिथे आपली न्यायालयं सर्वांत ढिली आहेत. कायदा सांगतो, अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढा. नागपूरच्या एका खटल्यात पत्नीने 2013 मध्ये अंतरिम पोटगी मागितली. कुटुंब न्यायालयाने 2015 मध्ये महिना पंधरा हजार ठरवले. ते टिकतात की नाही, याचा फैसला सर्वोच्च न्यायालयात नोव्हेंबर 2020 मध्ये लागला. अंतरिम म्हणून मागितलेली मदत सात वर्षं कोर्टातच होती, ही खंत न्यायालयाने स्वतः नोंदवली आणि दोघांनीही मिळकतीचं शपथपत्र द्यावं, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे नियम घालून दिले. पण हुकूम झाल्यावरही वसुली उरतेच. ती वसुलीचा अर्ज करते, वॉरंट निघतं, पोलीस ठाण्यात जातं, आणि ‘इसम मिळून आला नाही’ असा शेरा घेऊन परत येतं. इसम त्याच गावात दुकान चालवत असतो. पुढच्या तारखेला तो थोडी रक्कम भरतो, वॉरंट रद्द होतं, आणि चक्र पहिल्यापासून सुरू. घटस्फोटित मुस्लीम महिलेच्या पोटगीबद्दलचा 1985 चा शाहबानो निकाल आठवून पाहा. देश धर्मावर भांडला, संसदेने कायदा फिरवला; पण प्रश्न होता महिना 179 रुपये 20 पैशांचा, आणि त्याआधी इंदूरच्या त्या वृद्धेला खालच्या कोर्टाने पंचवीस रुपये मंजूर केले होते. पंचवीस रुपयांत जगायचं कसं, हे त्या सगळ्या गदारोळात किती जणांनी विचारलं?

म्हणून दोषाशिवाय घटस्फोट आणि मालमत्तेतला वाटा ही एकाच सुधारणेची दोन अंगं आहेत, आणि पहिलं दुसऱ्याशिवाय मलाही नको. 2010 चं विवाह कायदे दुरुस्ती विधेयक याच दिशेचं होतं. तीन वर्षं वेगळं राहिलेल्यांना घटस्फोट, पत्नीवर गंभीर आर्थिक संकट येणार असेल तर तिला हरकतीचा खास हक्क, आणि पतीच्या मालमत्तेत वाटा. ऑगस्ट 2013 मध्ये ते राज्यसभेत मंजूरही झालं. लोकसभा विसर्जित झाली आणि ते मेलं. ‘मेहनतीने कमावलेल्या मालमत्तेत बायकोला वाटा’ हे ऐकून ज्यांना आभाळ कोसळल्यासारखं वाटतं, त्यांनी शेजारच्या गोव्याकडे पाहावं. पोर्तुगीज काळापासून तिथे लग्नानंतर, वेगळा करार नसेल तर, दोघांची मालमत्ता सामाईक होते आणि ताटातूट झाली तर निम्मी-निम्मी होते. गोव्यातली कुटुंबसंस्था त्यामुळे कोसळलेली नाही.

पुरुषांच्या संघटनांचा मुद्दाही झटकून टाकता येणार नाही. 498-अ मध्ये लांबच्या नातेवाइकांना, वृद्ध सासू-सासऱ्यांना, लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेलेल्या नणंदेला गोवलं जातं, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी म्हटलं आहे, डिसेंबर 2024 मध्येही. ज्याच्या म्हाताऱ्या आईला पोलीस ठाण्याच्या बाकावर बसावं लागलं त्याला ‘आकडेवारी पाहा’ असं सांगणं क्रूर आहे. पण हे का घडतं? संमतीच्या सहीला बाजारभाव असतो म्हणून. नवऱ्याला सुटायचं असतं, सही तिच्या हातात असते. तिला पोटगी आणि स्त्रीधन हवं असतं, ते त्याच्या हातात. मग कुटुंब न्यायालयाच्या व्हरांड्यात बोलणी चालतात: ‘498 काढून घ्या, मग म्युच्युअलवर सही करू.’ तो गुन्हा तडजोडीने मिटवता येत नाही, म्हणून सगळे मिळून उच्च न्यायालयात जाऊन रद्द करून घेतात, किंवा साक्षीदार फिरतात आणि आरोपी सुटतात. पुढे तेच निर्दोष सुटल्याचे आकडे ‘पाहा, सगळ्या तक्रारी खोट्या’ म्हणून फिरवले जातात. जिला खरोखर जाळायचा प्रयत्न झाला, तिची तक्रारही याच ढिगात पडते. सही अडवून धरण्यातली ताकद काढून घ्या, बाईचा वाटा कायद्याने ठरवून द्या, आणि फौजदारी तक्रार सौद्यासाठी वापरायचं कारण बऱ्याच अंशी उरत नाही. मग जी तक्रार येईल, ती पोलिसांना गांभीर्याने घ्यावी लागेल.

अत्याचार सोसलेल्या बाईला ‘दोष नको’ हे ऐकताना अन्याय वाटेल, हे मला मान्य आहे. नवऱ्याने मारलं, आणि कोर्ट म्हणतं कुणाचीच चूक नाही? तसं म्हणायचं नाहीच. क्रूरतेचं कारण कायद्यात राहू द्या, 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली भरपाई आणि राहतं घर द्या, गुन्हा असेल तिथे शिक्षा द्या. एवढंच, की तिला सुटायचं असेल तर त्यासाठी आधी प्रत्येक थप्पड साक्षीदारानिशी सिद्ध करायला लावू नका. बंद दाराआडच्या मारहाणीला साक्षीदार असतो कोण?

समेटाबद्दल थोडक्यात. कुटुंब न्यायालयांचा 1984 चा कायदा समेटाचा प्रयत्न करायला सांगतो, आणि महाराष्ट्राने 1989 पासून पुण्या-मुंबईत विवाह समुपदेशकांची चांगली परंपरा उभी केली आहे. रागाच्या भरात आलेली जोडपी तिथून परत गेल्याची उदाहरणं आहेत. लग्नाच्या पहिल्या वर्षात अर्ज करू न देण्याचा नियमही शहाणपणाचा आहे. पण पाच वर्षं वेगळ्या छपराखाली राहणाऱ्यांना चौथ्यांदा समुपदेशनाला पाठवणं म्हणजे तारीख वाढवणं. मुलांसाठी संसार टिकवा, असं म्हणणाऱ्यांनी मुलांच्या भेटीची खोली पाहावी. भिंतीवर चित्रं, चार खेळणी, आणि आईकडे वळून वळून पाहत बापाच्या मांडीवर अवघडून बसलेलं मूल. त्या मुलाला जखम आईबापांच्या वेगळं होण्याने होते त्याहून जास्त ती दहा वर्षं लढत राहिल्याने होते.

राहता राहिली संस्कृती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘परस्परं द्वेषान्मोक्षः’, म्हणजे दोघांनाही एकमेकांचा द्वेष असेल तर सुटका, असं आहे. धर्म्य, म्हणजे शास्त्राने श्रेष्ठ मानलेल्या प्रकारच्या, विवाहांना ती मोकळीक नाही, हेही तिथेच आहे. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य जातींत काडीमोड आणि पाट (बाईचं पुन्हा लग्न) शतकानुशतकं चालत होते. जातपंचायती काही दयाळू नव्हत्या. त्यांच्या जाचाविरुद्ध आपल्याला 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरोधी कायदा करावा लागला. पण संसार संपू शकतो आणि त्यानंतर माणसाने पुन्हा मांडावा, एवढं सामान्य ज्ञान त्या समाजांना होतं. 1876 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लग्न मोडण्याचा जातीचा अधिकार नाकारला, आणि न मोडणारं लग्न हाच आदर्श होऊन बसला. तो सैल करण्याचं काम सयाजीरावांनी 1931 मध्ये बडोद्यात कायदा करून सुरू केलं. 1947 मध्ये मुंबई प्रांतानेही घटस्फोटाचा कायदा केला, केंद्राच्या आठ वर्षं आधी. मुंबई-बडोद्याने एकेकाळी दिल्लीची वाट पाहिली नव्हती.

विवाह हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. महाराष्ट्र विधिमंडळ राष्ट्रपतींच्या संमतीने हिंदू विवाह कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती आजही करू शकतं. ती दुरुस्ती अशी असावी: तीन वर्षं वेगळं राहिल्यावर कुटुंब न्यायालयातच घटस्फोट. पण त्याआधी दोघांची मिळकत उघड, घराचा आणि वाट्याचा निर्णय पूर्ण, आणि ठरलेली पोटगी पगारातून किंवा खात्यातून थेट वळती करण्याची यंत्रणा उभी. जो थकवेल त्याच्यामागे बाईने वॉरंट घेऊन फिरायचं नाही. सरकारने आधी तिला रक्कम द्यावी आणि त्याच्याकडून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करावी.